निळ्या तारेचे नाना

नानांचा लेबलावर काडीचा विश्वास नव्हता. डब्यावर 'शुद्ध तूप' दिसलं की झाकण उघडून हुंगणारच. पुतणीसाठी रावेरचा मुलगा बघायला गेले, तर सगळ्यांदेखत म्हणाले, "पाव्हणं, टोपी काढा जरा." टोपीखाली लख्ख मैदान! आणि गंमत म्हणजे लग्न तिथंच ठरलं. "उघडून बघितलं ना, झालं मग," म्हणाले.

हे फैजपूरचे नाना जळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन, आणि मी तिथला कोवळा, दीडशहाणा इंजिनिअर. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. धुळ्यापर्यंत काचेची तार, म्हणजे ऑप्टिकल फायबर, नुकतीच टाकली होती. तिच्यातून उजेड पाठवणारी नि घेणारी ट्रान्सीव्हर कार्डं दोन्ही टोकांना बसत. कारखाना त्यांत सारख्या सुधारणा करी. रूप तेच, लेबलावरचं अक्षर तेवढं बदले. बी आणि सी यांचं तर एकमेकांशी मुळीच पटत नसे. नाना प्रत्येक कार्ड उलटंपालटं करून भिंगातून बघत. मी हसायचो. "नाना, अक्षर छापलंय की एवढं ठळक!"

मग माझी फजिती झाली. साहेबांनी बजावलं, "चारपर्यंत धुळं लागलं नाही, तर तुमच्या कायम नेमणुकीवर माझी सही नाही." धुळ्याला सी होतं. मी ऐटीत सी लेबलाचं कार्ड बसवलं. लाल दिवा! काढलं, फुंकलं, पुन्हा बसवलं. लालच! साडेतीन वाजले आणि माझी पाचावर धारण बसली.

नानांनी कार्ड काढून भिंग लावलं. खुशीत आले की ते अहिराणीवर येत. "भाऊ, हाई सी नही, बी शे! हाई निळी तार देख!" बीमधली चूक कारखान्यानं हातानं बारीक निळी तार सोल्डर करून सुधारली होती, सीमध्ये तारेची गरजच नव्हती. दुरुस्तीहून येताना लेबलं इकडची तिकडं चिकटली होती. मग काय, दोघांनी कपाट पालथं घातलं. तार, तार, पुन्हा तार... आणि बी लिहिलेल्या एका कार्डावर तार गायब! बसवलं. हिरवा! धुळ्याचा माणूस जुन्या लाइनवर बोंबलला, "आलं रे आलं!" मी नानांना उचलून गरगर फिरवलं.

तेवढ्यात साहेब आले. "कोणी शोधलं?" मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, "या भाऊनं." आणि मी नालायक गप्प बसलो. सही झाली.

दोन वर्षांनी नाना रिटायर झाले. निरोपाच्या कार्यक्रमात माझ्यानं राहवेना. उठलो आणि साहेबांसमोर सगळं भडाभडा सांगून टाकलं. साहेबांचा चेहरा कडक. गळ्यात हार घातलेले नाना मात्र टाळी वाजवून ओरडले, "माले माहीत व्हतं साहेब, हाऊ एक दिन सांगीच!"

साहेबसुद्धा हसले. दोन वर्षं नाना रोज माझ्यासोबत चहा प्यायले होते, आणि एकदाही मला जाणवू दिलं नव्हतं की ते वाट बघताहेत. मी त्यांच्या पाया पडायला वाकलो आणि सगळ्यांदेखत भोकाड पसरलं.