बंबावरचा नारळ

मोताळ्याच्या अर्जुनराव देशमुखांकडे गोजरबाई वीस वर्षं आंघोळीचं पाणी तापवायची. म्हणजे तिला त्यातलं काय कळणार!

दसऱ्याला नव्या तांब्याच्या बंबाची पूजा झाली आणि दुसऱ्या दिवशी तो पेटेना, नुसता धूर. देशमुखांनी ओव्हरसियरसाहेबांना बोलावलं. साहेब बुटांसकट न्हाणीघरात शिरले, तासभर खोकले आणि हवेची झडप बिघडल्याचं इंग्रजीत सांगून मोकळे झाले.

"मालक, धुराड्यावर पूजेचा नारळ तसाच हाय," गोजरबाई म्हणाली. "धूर जाईन कुठून?"

"तुले काय समजते?" देशमुख खेकसले.

तिनं हात जोडून नारळ उचलला. बंब भडभडा पेटला.

संध्याकाळी देशमुखांनी शालीवर तोच नारळ ठेवून साहेबांचा सत्कार केला.