शेरू बहिरा झाला म्हणे

आमच्या धंद्यात पेशंट बोलत नाही आणि पेशंटला घेऊन येणारा गप्प बसत नाही. मग किस्से साठणार नाहीत तर काय होणार? बडोद्याला रावपुऱ्यात माझा जनावरांचा दवाखाना आहे. डोकं तापलं की मी यातला एखादा किस्सा मैत्रिणींना ऐकवते, तेवढंच बरं वाटतं.

परवा डोकं तापलं ते शेरूमुळे. म्हणजे त्याच्या मालकामुळे. हरणीहून निखिल दिघेचा सकाळीच फोन आला. "डॉक्टरबेन, अमारो शेरू बहेरो थई गयो छे. कशुं सांभळतो नथी. इंजेक्शन आपीने सुवडावी दो ने."

आडनाव दिघे, मी मराठी हे त्याला पक्कं ठाऊक, तरी माझ्याशी गुजराती! ते एक वेळ सोडा. पण झोपवा म्हणजे कायमचं झोपवा, असं म्हणत होता तो. नऊ वर्षांचा धडधाकट कुत्रा, आणि ऐकत नाही म्हणून मारायचा? मी म्हटलं, "संध्याकाळी घेऊन या. आधी मी बघणार, मग बोलू." फोन ठेवला आणि दिवसभर मागचं एकेक आठवत चिडत राहिले.

हजारो वर्षांपूर्वी काही लांडगे माणसाच्या शेकोटीजवळ आले ते उष्ट्या हाडांच्या आशेने. पुढे आपल्या वंशजांना साबुदाणा खावा लागेल, याची त्या बिचाऱ्यांना कल्पना नव्हती.

पुराणिककाकूंचा ब्रूनो असाच एक वंशज. लॅब्राडोर. टेबलावर चढवायला दोन माणसं लागतात. मी विचारलं, "काकू, खायला काय घालता याला?"

"अहो, कुठलं खाणं? माझ्याबरोबर सोमवार, गुरुवार उपास करतो. चतुर्थी, एकादशी वेगळी."

"आणि उपासाला काय?"

"साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, थोडा शिंगाड्याचा शिरा. साजूक तुपातला हो."

एकादशी नि दुप्पट खाशी हे माणसांपुरतं होतं, आता कुत्र्यांनाही लागू झालं. मी सांगितलं, उपास आजपासून बंद. काकूंचा चेहरा पडला. म्हणाल्या, "पुण्य त्याचं आहे डॉक्टर, मी अडवणारी कोण?"

उत्तरायणाच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, दिवशी तर मी दवाखान्यात दात-ओठ खातच बसलेली असते. अख्खं बडोदे पतंग घेऊन गच्चीवर आणि कापलेले पक्षी माझ्या टेबलावर. गेल्या खेपेला एक गृहस्थ घार घेऊन आले. पंख मांज्याने पार चिरलेला. गृहस्थांचे डोळे भरून आलेले.

"काय निर्दयी लोक असतात ना, डॉक्टरबेन? मुक्या जिवाची जरा दया नाही."

मी टाके घालता घालता त्यांच्या हाताकडे बघितलं. मांजा कापू नये म्हणून बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या होत्या. गच्चीवरून तसेच उठून आले होते.

"वाचेल ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बसा, बघू या. तर घड्याळाकडे बघत म्हणाले, "बसलो असतो, पण अजून उजेड आहे."

मांजरांचं मात्र मला बरं वाटतं. त्यांनी माणसाला पहिल्यापासून ओळखलंय. धान्यामागे उंदीर आले, उंदरांमागे मांजर आलं, आणि माणूस समजला की आपण मांजर पाळलं. मकरपुऱ्याकडच्या एका सोसायटीत तीन घरांनी एकच मांजर पाळलं होतं. एकाकडे ती मनी, दुसऱ्याकडे किट्टी, तिसऱ्याकडे राधा. कानाच्या खाचेवरून मी ओळखलं आणि तिघांनाही बोलावलं. माझ्या दवाखान्यात त्यांची अशी जुंपली की शेजारचा दुकानदार बघायला आला. मांजर कोणाचं, यावर तिघं अजून एकमेकांशी बोलत नाहीत.

पुढच्याच आठवड्यात चौथं कुटुंब आलं. "डॉक्टर, नवीन मांजर पाळलंय." कानाला तीच खाच.

पण कळस केला तो कारखान्यातल्या एका सुपरवायझरने. त्यांचा टायगर जेवणाआधी त्यांच्या अंगावर पाय टाकायचा, भुंकून घर डोक्यावर घ्यायचा. "डोकं फिरलंय त्याचं, झोपेचं औषध द्या." मी विचारलं, तुम्हाला डायबिटीस आहे का? तर माझ्यावरच उखडले. "तुम्ही कुत्र्याच्या डॉक्टर ना?" मी म्हटलं, कुत्र्याच्याच, पण त्याला तुमच्या घामाच्या वासातला फरक कळतोय बहुतेक. साखर तपासा. तपासली, तर जेवणाआधी पार खाली जात होती. त्यांच्या डॉक्टरांनी गोळी बदलली.

माणसाने निदान टायगरच्या डोक्यावरून हात तरी फिरवावा! पुन्हा तक्रार घेऊन हजर. "आता भुंकतच नाही हो. बिघडला की काय?"

तर संध्याकाळी निखिल आला, बरोबर बायको रिद्धी आणि शेरू. मी काही न बोलता स्टीलचा ट्रे फरशीवर टाकला. शेरू केवढ्याने दचकला!

"हा बहिरा?" मी विचारलं.

निखिलने प्रात्यक्षिकच दाखवलं. "शेरू, सिट! शेरू, कम! अहीं आव!" शेरू भिंतीकडे बघत बसला. "ट्रेनरनेही हात टेकले," निखिल म्हणाला. आता तरी मराठीत आला होता.

"कधीपासून असं?"

"मम्मी पावसाळ्यात गेली, त्यानंतर."

"त्या कुठल्या भाषेत बोलायच्या याच्याशी?"

त्याला आठवावं लागलं. "मराठीत. आमचं दोघांचं गुजराती चालतं ना घरात. मम्मीचं मराठी याच्याशीच चालायचं."

मी शेरूकडे वळले. "शेरू, बस खाली." बसला. "पाय दे बघू." दिला. "शहाणं गं बाई माझं बाळ." शेपूट फरशीवर आपटायला लागली.

मला इतका संताप आला. आईला घरात बोलायला एक कुत्रा उरला होता, आणि त्यालाच हे इंजेक्शन द्यायला निघाले होते! मी तसं तोंडावर बोलले.

रिद्धी हळूच म्हणाली, "मम्मी रोज सांजे त्याला एक बोलायच्या. हा ऑफिसातून येण्याच्या टायमाला. तू बोल ने, निखिल."

निखिलने घसा खाकरला. "निकू आला रे, निकू आला."

शेरू ताडकन उठला. निखिलच्या पायाला घासून पुढे गेला, दवाखान्याच्या दारात उभा राहिला आणि शेपूट हलवत रस्त्यावरच्या एकेका गाडीकडे बघायला लागला.

निखिल त्याच्या मागेच उभा होता.