सुभेदारांनी न खाल्लेला पेढा

आमचा शुगरवाल्यांचा घोळका इस्लामपुरात रोज सकाळी चालायला जातो. वजन कुणाचंच घटलेलं नाही, किस्से मात्र वाढत चाललेत! परवा घरी दोन-चार सांगितले, तर बायको म्हणाली, "मग चालता कधी?"

घोळक्यात फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, त्यांच्या मंडळी इंदूकाकू, टेलर बशीरभाई आणि मी, माजी ड्रॉइंग मास्तर. चालून झालं की बशीरभाईंच्या दुकानापुढच्या बाकावर शुगर तपासायची. मशिन एक, सुई ज्याची त्याची. टोचायचं काम अर्थात बशीरभाईंचं.

"सुभेदार, हलू नका! आजवर एकाबी गिऱ्हाइकाचं बोट शिवलं न्हाई मी!"

* * *

काकूंना स्वतःला शुगर नाही. त्या येतात नवऱ्यावर पहारा ठेवायला. सुभेदारांचा सगळा जीव साताऱ्याच्या कंदी पेढ्यात. बुटात, रेडिओमागे, माकडटोपीत, कुठेही पेढा सापडतो. पकडलं की लगेच शपथ. "पलटणीची शपथ, खाल्ला न्हाई!"

एकदा त्यांनी मिशीची शपथ घेतली आणि मिशीलाच पेढ्याचा कण! काकूंनी पदराने मिशी पुसली आणि म्हणाल्या, "हं, आता घ्या."

सिद्धनाथाची शपथ मात्र ते कधी घ्यायचे नाहीत. काकूंचं माहेर म्हसवडचं. "त्यो सासुरवाडीचा देव हाय गड्या," मला हळूच म्हणाले. "तितं खोटं चालत न्हाई."

* * *

आमच्या डॉक्टरीणबाईंनी एकदा सगळ्यांना बजावलं, "शुगर आहे, वय झालंय. न्यूमोनियाची लस घेऊन टाका."

बशीरभाईंनी घेतली. मीही घेतली, दंड दोन दिवस दुखला. सुभेदार छाती पुढे काढून म्हणाले, "बर्फात ड्युटी केली, तवा न्यूमोनिया झाला न्हाई. इस्लामपुरात काय हुतोय!"

* * *

ऊसतोडीचे थंडीचे दिवस होते. सुभेदार बाकावर गप्प बसले होते. बारीक खोकला होता, ताप नव्हता. बशीरभाईंनी बोट टोचलं आणि मशिनवरचा आकडा बघून म्हणाले, "आवं सुभेदार, अख्खा बॉक्स खाल्लाय का काय!"

आम्ही पोट धरून हसलो. काकूंनी तिथेच माकडटोपी उलटी केली, खिसे तपासले, पायातले बूटही काढायला लावले. काही सापडलं नाही.

"खाल्लं न्हाई गं," सुभेदार म्हणाले. बोलताना धाप लागत होती. "सिद्धनाथाची शपथ."

काकूंचा हात बुटातच थांबला. वळून त्या ओरडल्या, "बशीरभाई, रिक्षा बोलवा!"

आम्हाला काही कळेना. बशीरभाई म्हणाले, "आवं काकू, ताप न्हाई, काय न्हाई..."

"रिक्षा बोलवा म्हंते न्हवं!"

* * *

एक्स-रेमध्ये उजवं फुप्फुस भरलेलं निघालं. न्यूमोनिया! सुभेदारांना ऑक्सिजन लावला. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजावलं, "साखर चढती राहिली की शरीर नीट लढत नाही, छातीतला जंतू पटकन वाढतो. अशा माणसाला कधी कधी तापसुद्धा येत नाही. आणि जंतूशी झगडताना साखर आपोआप चढते, न खाता!" मग काकूंकडे वळून त्यांनी विचारलं, "पण तुम्ही इतक्या वेळेवर कसं आणलंत?"

"ते खरं बोलले," काकू म्हणाल्या.

मला तेव्हा फार वाईट वाटलं. त्यांचं खोटं आम्ही रोज मजेत ऐकायचो, पण खरं ऐकायला काकूंशिवाय आमच्यातलं कुणीच तयार नव्हतं.

* * *

सुभेदार बरे झाले, लस घेतली, पुन्हा चालायला लागले. काही दिवस आकडा शहाण्यासारखा वागला. मग एका सकाळी बशीरभाईंनी मशिन पाहिलं आणि माझ्यापुढे धरलं. आकडा चांगलाच वर होता. या वेळी कुणी हसलं नाही.

काकूंनी सुभेदारांच्या छातीवर हात ठेवला. "आवं, दम लागतुया का? छातीत दुखतंय?"

"न्हाई."

"मग पेढा खाल्ला?"

"न्हाई."

"घ्या सिद्धनाथाची शपथ."

सुभेदारांनी माकडटोपी काढली, आत हात घातला आणि अर्धा खाल्लेला पेढा काकूंच्या हातावर ठेवला.

काकू मटकन बाकावर बसल्या. पेढा दोन्ही हातांत घट्ट धरून रडता रडता म्हणाल्या, "खाल्ला न्हवं? खरंच खाल्ला न्हवं तुमी?"