म्हसोबाची चार पावलं

शेतात उभा असलेला शालिकराम दुरून ओळखू यायचा. पाय किंचित फाकलेले, डावा हात कमरेवर, उजवा हात वर. तो हात डावीकडे झुकला की पार तिकडच्या टोकाला काठी धरून उभा असलेला गडी डावीकडे सरकायचा. तळहात खाली आला की गडी थांबायचा. दोन्ही हात वर गेले की खुंटी ठोकायचा. शब्द नाही, आरडाओरडा नाही. अमरावतीच्या एका खासगी मोजणी कंपनीत चोवीस वर्षं या माणसाने नुसत्या हातांनी माणसं हलवली. अंजनगाव सुर्जीच्या बाजूचे किती रस्ते, किती पाट त्या हातांच्या इशाऱ्यांवर आखले गेले, त्याची नोंद कुठे नाही. इशाऱ्यांची नोंद कोण ठेवतो?

मग नवी यंत्रं आली. आकाशातल्या उपग्रहांशी बोलणारी. काठीवर यंत्र लावून एकटा माणूस शेतभर फिरतो आणि मोजणी होते. समोर कोणी उभं राहायला नको, हात हलवायला नको. मालकांनी नऊ जणांना बोलावलं, चहा पाजला, डोळ्यांत पाणीही आणलं. त्या पाण्यात खोट नव्हती, पण नोकरी गेली ती गेलीच. शालिकरामने आपली मोजणीची दुर्बीण शेवटची रुमालाने पुसली, पिवळ्या पेटीत निजवली, दोन्ही कड्या लावल्या. वय बावन्न.

पुढचे अकरा महिने तो बडनेऱ्याच्या बाजारात बायकोच्या भाजीच्या दुकानावर बसला. माणिकबाईच्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे पिढ्यान्‌पिढ्या भाजीचाच मळा. दुकान तिचं, गिऱ्हाईक तिचं. शालिकराम मेथीच्या जुड्या लावायचा, तर अशा सरळ ओळीत की एक जुडी विकली गेली तरी त्याला चैन पडत नसे. लगेच पुढची सरकवायचा. माणिकबाई बघून बघून थकली.

"मेथीची मोजणी करून राहिले काय जी?" ती एकदा म्हणाली. "हद्द कायम झाली असंन, तर जरा पाणी मारा तिच्यावर."

तो हसला, पाणी मारलं. रोज दुपारी गिऱ्हाईक पातळ झालं की तो फोन घेऊन कोपऱ्यात जायचा. अमरावती, अकोला, यवतमाळ. ओळखीचा एकही ठेकेदार सोडला नाही. सगळे गोड बोलत. शालिकभाऊ, तुमच्यासारखा माणूस नाही, असं म्हणत, आणि पुढे वय विचारत. एकाने तर मुलगा शिकला असेल तर त्याला पाठवा म्हणून सांगितलं. शालिकरामला एकच मुलगी, चंदा, आणि ती परतवाड्याला सासरी नांदत होती. असे फोन ठेवल्यावर तो काही वेळ भिंतीला पाठ लावून उभा राही. चालून आलेला थकवा त्याला ठाऊक होता, तो झोपेने जातो. हा न चालताच आलेला होता.

पौषात अकोल्याहून ललितचा फोन आला. ललित तिथल्या एका मोजणी कंपनीचा मॅनेजर. बार्शीटाकळीकडे सौर प्रकल्पासाठी चाळीस एकर जमीन मोजायची होती. मोजणारी मुलगी होती त्यांच्याकडे. हवा होता तो बेसजवळ बसणारा माणूस. या नव्या यंत्रांच्या जोडीतलं एक तिपाईवर दिवसभर एका जागी उभं ठेवावं लागतं, त्याला बेस म्हणतात. त्याला बकरीचं अंग जरी घासलं तरी दिवसभराचं काम पाण्यात. म्हणून राखण. आठ दिवस बघू, जमलं तर कायम ठेवू, असं ललित म्हणाला. आणि शेवटी म्हणाला, की तुमचा अनुभव मोठा आहे, पण तिथे तो मध्ये आणायचा नाही. बसायचं.

शालिकराम हो म्हणाला. माणिकबाईने फळीवरची त्याची टोपी काढली, झटकली. त्या धुळीने तिलाच शिंक आली.

मोजणारी मुलगी म्हणजे दीक्षा. अकोल्याची, पंचविशीतली, पायात मजबूत बूट, डोक्याला ओढणी घट्ट बांधलेली. तिचे वडील महावितरणमध्ये लाइनमन होते, त्यामुळे उन्हातान्हाची तिला सवय. ती शालिकरामला काका म्हणायची, तो तिला मॅडम. पहिल्या दिवशी बेस लावून झाला आणि ती जुना नकाशा घेऊन त्याच्याजवळ आली. तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात तिथे नकाशात एक दगड दाखवला होता. नाल्याच्या वर, कडुनिंबाखाली, शेंदूर लावलेला एक दगड होताच. गावाचा म्हसोबा.

"काका, हाच असंल ना तो? तुमी तर जुने आहात."

अकरा महिन्यांत त्याला कोणी काही विचारलं नव्हतं. शालिकराम दगडापुढे गेला. दगड जुना, चौकोनी घडवलेला, मोजणीवाल्यांच्याच हातचा. त्याने सवयीने हात जोडले. हात जोडलेला माणूस देवाला प्रश्न विचारत नाही. "हाच मॅडम," तो म्हणाला, आणि आवाजात त्याच्याही नकळत तो जुना, कमरेवर हात ठेवणारा शालिकराम आला. दीक्षाने काठी टेकवली, बिंदू घेतला.

मग तो सहा दिवस बसला. पहाटे बडनेऱ्याहून गाडी, अकोल्याहून जीप, आणि मग तिपाईशेजारी छत्रीखाली एका दगडावर बूड. दूरवर दीक्षा एकटीच फिरताना दिसायची. चुकून तिची नजर इकडे वळली की त्याचा उजवा हात उचलायला यायचा आणि तो मांडीखाली दाबून ठेवायचा.

सातव्या दिवशी दीक्षाने हद्दीवर पांढऱ्या फक्कीची रेघ मारून घेतली. तासाभराने पार्बताबाई आली. म्हसोबाला रोज पाणी घालणारी गावातली म्हातारी. शेजारची लिंबाची बाग तिची. तांब्या हातातच होता.

"भाऊ, माह्या झाडाईत हे पांढरं काहून मारलं?"

शालिकराम उठून बघायला गेला. रेघ बागेत बारा फूट आत गेली होती. अकरा झाडं रेघेच्या पलीकडे, लिंबांनी लगडलेली. खालचं टोक धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, बरोबर लागत होतं. रेघ वर, म्हसोबाकडे जाता जाता तिरकी झाली होती. तो वळला आणि पहिल्यांदा देवाकडे देव म्हणून न बघता दगड म्हणून बघितलं. दगड जुना. पण ओटा सिमेंटचा, वर गुलाबी टाइल्स. ओटा नवा.

"मावशी, देव इथंच होता पहिल्यापासून?"

"नाई गा बाप्पा. नाल्याच्या काठी होता. ढोरं यायची, घाण करायची. चार वर्षं झाली, आमी त्याले डफडं वाजवत वर आणला. चार पावलं." ती कौतुकाने ओट्याकडे बघत म्हणाली. "आता कसा साजरा दिसून राहिला."

साजरा दिसत होता, यात वाद नाही. भक्तीने गावाने देवाला चिखलातून उचललं, आणि देवाबरोबर तीन गावांची शीव उचलली गेली. पार्बताबाईचाही हात त्याला लागला होता, आणि आता तीच चार पावलं तिच्या लिंबांवर आली होती.

शालिकराम दगडावर येऊन बसला. त्याला हे काम शिकवणारा बुधाजी म्हणून एक म्हातारा मोजणीदार होता. पहिल्या दिवशी यंत्राची पेटी उघडू द्यायचा नाही. पारावर बसायचं, पाणी मागायचं, आणि दगडाबद्दल दगडाच्या शेजाऱ्याला विचारायचं. चोवीस वर्षं शालिकराम तसंच करत आला. आणि ज्या दिवशी कोणी मानाने विचारलं, त्याच दिवशी चुकला.

गप्प बसणं सोपं होतं. त्याला तर बसायलाच ठेवलं होतं. दीक्षा म्हणालीच असती, जुने नकाशे साखळीने मोजायच्या काळचे, इकडेतिकडे असतात. उद्याचा एक दिवस गेला की नोकरी कायम. माणिकबाईने टोपीला नवी पट्टीही शिवली होती. तो बराच वेळ बसून राहिला. मग उठला, छत्री बेसवर नीट कलती केली आणि दीक्षाकडे चालत गेला.

सगळं ऐकून तिने हातातली काठी जमिनीत टेकवली. नव्या मोजणीचा नकाशा आदल्या रात्रीच ललितकडे गेला होता.

"पहिल्या दिवशीच विचारलं असतं तर, काका."

"व्हय मॅडम. विचारलं असतं तर."

बुधाजीने आणखी एक सांगितलं होतं. जुने लोक हद्दीच्या दगडाखाली लाकडी कोळसा पुरत. दगड हलतो, कोळसा हलत नाही. पार्बताबाईने नाल्याचा काठ दाखवला, पण चार वर्षांत पुराने काठ घासला होता, नेमकी जागा तिला सांगता येईना. तेव्हा शालिकराम धुऱ्याच्या खालच्या टोकाला जाऊन उभा राहिला. पाय फाकलेले, डावा हात कमरेवर, नजर धुऱ्याच्या सरळ रेषेत. दीक्षा काठी घेऊन वर नाल्याशी. त्याने उजवा हात डावीकडे झुकवला. ती नुसती बघत राहिली. त्याने पुन्हा झुकवला. तिने आपलाही हात हलवून दाखवला, टाटा केल्यासारखा.

शेवटी त्याला ओरडावं लागलं. ऊन, वय आणि अकरा महिने, आवाज फाटला. पण तिसऱ्या वेळी ती समजली. सरकली, थांबली, बोटभर मागे आली. त्याचे दोन्ही हात वर गेले.

शालिकरामने सब्बल, म्हणजे पहार, घेऊन हातभर खणल्यावर काळी माती संपून आणखी काळं काही लागलं. दीक्षाने चिमटीत धरून चुरडलं. कोळसा. ती तिथेच उकिडवी बसली आणि पहिल्यांदा हसली. पार्बताबाईने मात्र त्या खड्ड्याला हात जोडून घेतले, आणि सकाळचं उरलेलं पाणी तिथेही थोडं ओतलं.

ललितला फोन शालिकरामनेच केला. चूक माझी आहे, मीच दगड दाखवला, असं सुरुवातीलाच सांगून टाकलं. ललित चिडला. दोन दिवसांचं काम पुन्हा करावं लागणार होतं. तुम्हाला बसायला ठेवलं होतं ना, असं त्याने दोनदा विचारलं, आणि शालिकराम दोन्ही वेळा हो म्हणाला. मग दीक्षाने फोन मागितला आणि बोलत बोलत लांब गेली. काय बोलली ते त्याला ऐकू आलं नाही. तो बेसजवळ जाऊन बसला, कारण एक बकरी तिकडे निघाली होती.

परत आल्यावर तिने सांगितलं. उद्या-परवा इथलंच दुरुस्त करायचं. मग पुढचं गाव. कायम ठेवलं आहे, पण सर्व्हेअर म्हणून नाही. जागा तीच, पगार ठरला तोच, बेसजवळचा. फक्त प्रत्येक गावात मोजणीच्या आदल्या दिवशी काकांनी एकट्याने जायचं आणि दगडांची चौकशी करून यायची.

"आन तो हात," ती म्हणाली, "तो मले शिकवा. एखाद्या दिवशी यंत्र बंद पडलं तर?"

संध्याकाळच्या गाडीत त्याला बसायला जागा मिळाली, आणि मूर्तिजापूरच्या पुढचं त्याला काही आठवत नाही. बडनेऱ्याला शेजारच्या माणसाने उठवलं. दुकानावर माणिकबाई उरलेल्या भाजीवर ओलं पोतं झाकत होती.

"झालं कायम?"

"झालं."

"सर्व्हेअर म्हनून?"

"बसाले," तो खाली टेकत म्हणाला. "आन आदल्या दिवशी गावात जाऊन विचाराले."

तिने जरा विचार केला. "विचाराचे बी पैसे देतात?"

"नाई. ते त्याच्यातच."

तिने त्याच्या नखांतला कोळसा पाहिला. पोत्याचं एक टोक त्याच्याकडे सरकवलं. त्याने ते धरलं, आणि दोघांनी मिळून मेथी झाकली, थोडी वाकडीतिकडीच.