दिव्यांची रांग

काल संध्याकाळी उतरायला आलेलं विमान धावपट्टी सोडून थेट आमच्या वस्तीवर आलं. चाकं दिसली, तेवढ्यात ते गर्जत वर गेलं. वैमानिकाला म्हणे आमच्या रस्त्यावरच्या दिव्यांची रांग धावपट्टीच वाटली.

हे दिवे आम्ही मोर्चे काढून मिळवलेत. आता विमानतळवाले ते काढायला सांगतायत.

आज गच्चीवर पत्रक लिहायला बसलो. ‘निष्काळजी वैमानिकाचा जाहीर निषेध!’ पुढे सुचेना. शेजारच्या शांताकाकू वाळलेले कपडे काढत म्हणाल्या, “चूक कळल्यावर तो मागं तरी फिरला, बाबा. तुमचे पुढारी फिरतात का?”

“मग दिवे काढू द्यायचे?”

“हात लावून तर बघू दे! अंधारात माझी पोरगी कामावरून येणार कशी?”

निषेध करायचा तरी कुणाचा? एवढ्यात खाली दिवे लागले. गच्चीवरून मलाही ती रांग उतरावंसं वाटेल अशीच दिसली.