मीनलचे हात

आमच्या टीव्हीवरचे चित्र मी सुंदर केले, एवढाच माझा अपराध.

कोळवणच्या आमच्या घरी थोरल्या वन्संना जन्मतः ऐकू येत नाही. (मला येते, पण त्याचा घराला फारसा उपयोग झालेला नाही.) बातमीपत्राच्या उजव्या कोपऱ्यात खुणांच्या भाषेत बातम्या सांगणारी बाई दिसली, की वन्सं खुर्ची ओढून इतक्या जवळ जातात, की त्यांचा श्वास काचेवर उमटावा. तक्रारही ठरलेली. मोबाइलवर टाइप करून त्या माझ्यापुढे धरतात, "बडबड करणारीला दिवाणखाना, आणि हिला मोरीएवढी जागा! जाहिरात आली की मोरीही गेली!"

त्या दुपारी मात्र तो कोपरा सणासारखा होता. वन्संच्या शाळासोबतिणीची मुलगी मीनल प्रथमच तिथे उभी राहणार होती. तिच्या आईवडिलांना, दोघांनाही, ऐकू येत नाही. त्यामुळे ही ऐकणारी लेक बोबडे बोलण्याआधी बोटांनी बोलू लागलेली. "ती बाय नुस्ती माश्या हाकलतीया," असे म्हणणाऱ्या साऱ्या आळीला वन्संनी मुद्दाम बोलावले होते. ही भाषा आहे, हे एकदा त्यांना डोळ्यांनी दाखवायचे होते.

पाहुणे येणार म्हणून मी पडदा पुसला. चित्राभोवतीची काळी किनार मला सुतकासारखी वाटली. रिमोटवरची एक कळ दाबली, आणि चित्र फुलासारखे उमलून कडेपर्यंत पसरले. किनार गेली! (तिच्याबरोबर आणखी काय गेले, ते पाहणे हे गद्य माणसांचे काम!)

बातम्या सुरू झाल्या. कोपऱ्यात मीनलचा चेहरा आला, खांदे आले, आणि तिथेच पडदा संपला. बोटे तेवढी अधूनमधून, तळ्यातल्या मासोळीसारखी, वर उसळून दिसेनाशी होत.

"वयनी, पोरीचं हात कुटं हायेत?" शेजारच्या सदूभावजींनी विचारले.

"मानंनंच सांगती का काय बातम्या?" त्यांच्या पत्नी मालनबाई म्हणाल्या.

वन्सं माझ्याकडे वळल्या. त्या नजरेला दुभाष्या लागत नव्हता.

मी रिमोट उचलला. पहिल्या कळेने एक निळी यादी थेट मीनलच्या तोंडावर उतरली! दुसरीने निवेदिका तमिळ बोलू लागली! "अगं, ठेव तो खाली!" आमचे हे ओरडले. मी तिसरी दाबली. आवाज समूळ गेला. आता खोलीतल्या कोणालाच काही ऐकू येईना!

वन्सं उठल्या. लहान मुलाच्या हातून कात्री घ्यावी तसा त्यांनी माझ्याकडून रिमोट घेतला आणि चार कळा दाबल्या. काळी किनार परतली. तिच्यासवे मीनलचे दोन्ही हात. किती निगुतीने चालत होते ते! कधी रांगोळीच्या चिमटीसारखे बारीक, कधी धान्य पाखडावे तसे मोकळे.

आवाजाशी वन्संना कर्तव्यच नव्हते. त्या पडद्याशेजारी उभ्या राहिल्या, आणि मीनल सांगेल ते आम्हा अडाण्यांसाठी ठसठशीत करून दाखवू लागल्या. अंगभर ठिपके, वाकडी नखे, दबकी चाल.

"आरं, बिबट्या!" सदूभावजी ताडकन उठले. "कुटं?"

वन्संनी काहीतरी दातांनी सोलले.

"उसात!"

"घावला का?" मालनबाईंनी पदर तोंडाशी नेला.

वन्संचे पंजे खाडकन मिटले.

"घावला, घावला! पिंजऱ्यात!" खोली टाळ्यांनी दणाणली. वन्संनी मान हलवली, आणि हात उंच धरून बोटे झुलवली. त्यांच्याकडच्या टाळ्या अशा असतात! क्षणात साऱ्या आळीचे हात पानांसारखे सळसळले. वन्संचे डोळे भरून आले.

मी गुपचूप रिमोटकडे सरकले.

"ऱ्हाऊ द्या आवाज, वयनी," सदूभावजी म्हणाले. "समदं कळतंय. तुमीच लई मदी येताय!"

संध्याकाळी वन्संनी मीनलला व्हिडिओ कॉल केला. मागे डोकावणारी ही कोण, असे तिने विचारले. त्यांच्या भाषेत प्रत्येक माणसाला ओळखीची एक खूण देतात; माझी अजून ठरायची होती. वन्संनी किंचित विचार केला, आणि तळहाताची कड आपल्या मनगटांवर अलगद फिरवली. "अय्या, बांगड्या!" मी म्हटले. केवढे नाजूक नाव! मी लाजलेसुद्धा.

मीनल हसतच सुटली. "मामी, बांगड्या नाहीत हो! हात तोडणारी!"

आता वन्संच्या साऱ्या मैत्रिणी मला याच नावाने ओळखतात, आणि मी समोर आले, की अत्यंत आदराने हात पाठीमागे लपवतात.