सोफ्यावरचा खड्डा

आमच्या भिंतीला भिंत लागून आप्पासाहेबांचं घर आहे. त्या घरातल्या द्वारकाबाईंना बोलताना कॉलनीत फार कुणी ऐकलेलं नाही. त्या बोलत नाहीत असं नाही, दिवसभर बोलतात. पण बोलतात ते कुत्र्याशी.

त्यालाही कारण आहे. शेंद्र्याकडं त्यांच्या सासरी अशी रीत होती की सुनेनं मोठ्यांच्या देखत नवऱ्याशी थेट बोलायचं नाही. पुढं लेक झाली आणि सगळा कारभार लेकीमार्फत सुरू झाला. "बबडे, तुझ्या बापाला म्हणावं भाकर वाढलीय." बाप हातभर अंतरावर. "बबडे, तुझ्या आईला म्हणावं कालवणात मीठ नाय." आई त्याहून जवळ. सासू-सासरे गेले, निम्मं शेत कारखान्यांसाठी गेलं, माणसं शहरात राहायला आली, तरी ही टपालाची सोय तशीच चालू राहिली. मग बबडी नोकरीला पुण्याला गेली आणि जाताना आपला कुत्रा आईबापाकडं ठेवून गेली. त्याचा रंग तांबूस, अंग कायम जरा चिकट, म्हणून तिनं त्याचं नाव ठेवलं होतं गुलकंद.

टपाल गुलकंदकडं आलं.

"गुलकंद, त्यांना म्हणावं पाणी तापलंय."

गुलकंद शेपूट हलवायचा. आप्पासाहेब गुलकंदकडं बघून म्हणायचे, "आलो म्हणावं." गुलकंद पुन्हा शेपूट हलवायचा. बबडी कंटाळून कधी कधी निरोप अर्धाच सांगायची. गुलकंदनं तसं कधी केलं नाही.

आप्पासाहेब चितेगावच्या एका कारखान्यात माल तपासायला होते. निवृत्त झाले, पण तपासणी सुटली नाही. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकार, ओके आणि रिजेक्ट. वांगं दाबून बघायचे, "रिजेक्ट." टीव्हीवर पुढारी बोलायला उभा राहिला, "रिजेक्ट." माझ्या भावाची मिशी फुटली तेव्हा त्याला उजेडात उभं करून म्हणाले, "ओके, पण डावीकडून कमी हाये."

समोरच्या बंगल्यातलं लॅब्राडोर सोफ्यावर झोपतं हे कळल्यापासून तर त्यांना एक विषयच मिळाला होता. फाटकाशी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. "आमच्या शेतावर पिढ्यान्‌पिढ्या कुत्री. पण कुठं? गोठ्याच्या तोंडाशी. उंबरा ओलांडायची टाप नव्हती. कुत्र्याचं काम राखण करायचं. सोफ्यावर बसून कशाची राखण करायलंय ते, टीव्हीची? आज सोफ्यावर बसलं, उद्या उशी मागंल, परवा म्हणंल पंखा वाढवा. रिजेक्ट."

त्यांचा सोफाही तसाच जपलेला होता. औरंगपुऱ्यातल्या एका गल्लीत निजामुद्दीनचाचांचं दुकान आहे, त्यांनी तो बांधून दिला होता. वांगी रंगाची मखमल, कडेनं पितळी खिळे, आत स्प्रिंगा. "बाई, ऐसा माल डाला ना, नातू का नातू बैठता इस्पे," असं चाचा तेव्हा म्हणाले होते. नातवाचा नातू राहू द्या, सोफ्यावर आजचंही कुणी बसत नव्हतं. पाठीचं दुखणं म्हणून आप्पासाहेब लाकडी खुर्चीत. पाहुणे आले तर बसायचे, तेही कडेला, चोरी पकडल्यासारखे. आणि द्वारकाबाई स्वयंपाकघराच्या दाराशी, चौकटीला पाठ लावून, खाली. त्यांना कुणी मनाई केलेली नव्हती. सोफा माणसांसाठी असतो असं घरात सगळे म्हणायचे. त्या माणसांत द्वारकाबाई स्वतःला धरत नव्हत्या, एवढंच.

दुपारी आप्पासाहेब मित्रांकडं गप्पांना गेले की गुलकंद उठायचा, अंग ताणायचा आणि पंख्याखालच्या डाव्या कोपऱ्यात चढून गोल होऊन झोपायचा. द्वारकाबाई त्याला काही म्हणायच्या नाहीत. भिंतीवरून माझ्या आईला म्हणाल्या, "झोपू द्या. सोफ्यावर कुणीतरी बसलेलं दिसतं."

फाटक वाजलं की पळापळ. हात ओला करून मखमलीवरचे केस गोळा करायचे, वर फडकं फिरवायचं, गुलकंदला खाली ढकलायचं. आप्पासाहेब घरात आले की आधी सोफ्याच्या कोपऱ्यावर तळहात ठेवायचे, मशीन तापलंय का बघतात तसा.

"गरम लागतंय."

"गुलकंद, त्यांना म्हणावं खिडकीतून ऊन येतं."

ती खिडकी उत्तरेला आहे.

एके दिवशी फाटक वाजलंच नाही, कारण आप्पासाहेबांनी सकाळीच त्याला तेल दिलं होतं. आत येऊन बघतात तर सोफ्यावर तांबूस गोळा, आणि गोळा घोरतोय. त्यांनी आवाज चढवला नाही. खुर्चीत बसले आणि गुलकंद जागा होईपर्यंत वाट बघून त्याच्याशीच बोलले, "गुलकंदराव, पुन्हा इथं बसलेले दिसलात की शेतावर. तात्यासाहेबांना राखणीला कुत्रं पाहिजेच हाये. काम करा, भाकर खा."

तात्यासाहेब म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. उरलेलं शेत तेच करतात. शेतावर रानडुकरं येतात. गुलकंद कुकरच्या शिट्टीला घाबरून पलंगाखाली जातो.

द्वारकाबाई त्या संध्याकाळी आईला म्हणाल्या, "नेलं तर नेलं. कुत्रंच ते." मग बराच वेळ मेथी निवडत राहिल्या. काड्या पातेल्यात आणि पानं कचऱ्यात जात होती.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी तात्यासाहेब टेम्पोतून सीताफळं घेऊन आले. टेम्पो चालवायला बन्सी होता, त्यांचा सालगडी. त्याच दिवशी सोफ्याला नवं कापड चढवायला आप्पासाहेबांनी निजामुद्दीनचाचांना बोलावलं होतं. मी ताक मागायला गेले होते. ताक मिळालं, पण तमाशा सुरू झाला होता, म्हणून पातेलं धरून उभी राहिले.

तात्यासाहेब खुर्चीत. ते कुठलंही वाक्य "तसं नाय" असं म्हणूनच सुरू करतात, मान्य असलं तरी. "तसं नाय, आप्पा, तू म्हणतो ते बरोबर हाये." भाया, म्हणजे थोरला दीर, घरात, म्हणून द्वारकाबाई दाराआड, पदर कपाळापर्यंत. त्या घरात भायानं धाकट्या भावजयीशी बोलायचं नसतं, तिच्याकडं बघायचं नसतं, चुकूनही हात लागू द्यायचा नसतो. त्यामुळं ते आले की त्यांची नजर पंख्यावर असते. त्यांच्याइतकं बारकाईनं तो पंखा कुणी पाहिला नसेल.

चाचा खाली बसून जुनं कापड उसवत होते. ते बोलतात ते ओठांत खिळे धरून.

"साब, ये कोने का फोम बैठ गया बिलकुल. आप इधरीच बैठते ना?"

"मी खुर्चीत बसतो."

"नक्को मजाक करू साब. ये देखो, गड्ढा बराबर आपकाच है. गोल."

आप्पासाहेब उठून आले. तात्यासाहेब आले. दारातून बन्सीनं मान काढली. खड्डा खरंच गोल होता, परातीएवढा. सगळ्यांनी हळूहळू माना वळवल्या. गुलकंद खुर्चीखाली होता. त्यानं जांभई दिली.

"एक दिवसाचं काम नाय हे," आप्पासाहेब म्हणाले. "बन्सी, दोरी आण. जाताना ह्याला घेऊन जा."

तेवढ्यात दाराआडून आवाज आला.

"गुलकंद, त्यांना म्हणावं, तिथं मी बसते."

तात्यासाहेबांची नजर पंख्यावर गेली. "तसं नाय... आप्पा, बाई सोफ्यावर बसतात व्हय?" बाई ट्रक चालवतात व्हय, असं विचारावं तसं त्यांनी विचारलं.

आप्पासाहेबांची पंचाईत झाली. खरं मानावं तर आपण घराबाहेर पडलो की बायको सोफ्यावर जाऊन बसते. खोटं मानावं तर बायको थोरल्या भावासमोर खोटं बोलली. इतक्या वर्षांत त्यांच्या हाती असा माल आला नव्हता. त्यांनी ओठ ओले केले, पण ओके निघेना आणि रिजेक्टही निघेना.

चाचांना ह्यातलं काहीच कळत नव्हतं. "अच्छा है ना. भाभी, जरा बैठ के बताओ. तुम्हारे हिसाब से फोम डालता मैं."

द्वारकाबाई बाहेर आल्या. तात्यासाहेबांच्या देखत त्या बैठकीच्या खोलीत चहाचं तबक घेतल्याशिवाय कधी आलेल्या नसतील. रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्यांना समजेना, म्हणून त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं. सोफ्याजवळ गेल्या, वळल्या आणि बसल्या. स्प्रिंगा कुरकुरल्या. द्वारकाबाई एकदम खोल गेल्या आणि पाय जमिनीवरून उचलले गेले. आकाशपाळणा सुटताना बायकांचा चेहरा होतो तसा त्यांचा झाला. खड्डा त्यांच्या मापाचा नव्हता. एक बाजू दरीत, एक बाजू डोंगरावर. तरी त्या म्हणाल्या, "गुलकंद, त्यांना म्हणावं, हे बघा. अशी बसते."

हे ऐकून गुलकंद खुर्चीखालून निघाला. आपल्या जागेवर कोण आहे ते त्यानं पाहिलं. थोडा विचार केला. मग उडी मारली, जागच्या जागी गोल फिरला, अंग टेकलं आणि द्वारकाबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून मोठा सुस्कारा टाकला. रोज इथंच असतो, हे ह्याहून स्पष्ट कुणाला सांगता आलं नसतं.

"रिजेक्ट," आप्पासाहेब हळूच म्हणाले. "बन्सी, बांध त्याला."

बन्सी दोरी घेऊन पुढं आला आणि सोफ्याच्या अलीकडं थांबला. डोकं मालकिणीच्या मांडीवर, गळा पदराखाली. "मालक, बाईंच्या पदराला हात लागंल माझा. आपल्याच्यानं नाय व्हायचं."

आप्पासाहेबांनी तात्यासाहेबांकडं पाहिलं. तात्यासाहेब तर खुर्ची घेऊन मागं सरकले होते.

आप्पासाहेब स्वतः एक पाऊल पुढं गेले. पण थोरला भाऊ समोर बसलेला. त्याच्या देखत बायकोच्या हातून कधी पाण्याचा तांब्या घेतला नव्हता, तबकातून उचलला होता. आता तिच्या मांडीवरून कुत्रं ओढायचं? ते पाऊल मागं आलं.

"चाचा, तुम्ही तरी."

"हौ, करता था," चाचांनी खिळे तळहातावर काढून घेतले, "पन मेरा वजू है साब. नमाज को जाना है. इसकी लार लग गई तो फिर से सब धोना. माफ करो."

मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी ताकाचं पातेलं दोन्ही हातांनी धरलं.

बन्सीनं भाकरीचा तुकडा दाखवला. गुलकंद भाकर खात नाही, टोस्ट खातो. आप्पासाहेबांनी चुटकी वाजवून बोलावलं. त्यानं पडल्या पडल्या शेपूट हलवली.

"तसं नाय," तात्यासाहेब पंख्याला म्हणाले, "बाईंनाच उठा म्हणावं की. आप्पा, सांग."

आता भावाच्या देखत आप्पासाहेब बायकोला थेट कसे सांगणार? तोंडातून सवयीचंच निघालं. "गुलकंद, तिला म्हणावं, ऊठ."

गुलकंदनं एक कान उचलला.

द्वारकाबाईंनी तो कान हातानं सरळ केला आणि म्हणाल्या, "गुलकंद, त्यांना म्हणावं, उठते. पण उद्यापासून तू नसलास तर जेवायला चला हे मी कुणाला सांगू?"

बन्सी दोरीकडं बघायला लागला. चाचांनी एक खिळा ठोकायला घेतला आणि न ठोकताच ठेवला. आप्पासाहेब उभेच होते. त्यांनी खिशात हात घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला.

मग तात्यासाहेबांची नजर पंख्यावरून खाली आली. पार सोफ्यापर्यंत नाही, पितळी खिळ्यांपर्यंत. "तसं नाय, बाई," ते म्हणाले. लग्न होऊन आल्यापासून ते त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होते. द्वारकाबाईंनी पदर आणखी पुढं ओढला. "आमच्याकडं रानडुकरं येतात. हे कुत्रं डुक्कर बघितलं की मांडी हुडकत पळंल. तिथं मांडी कोण देणार त्याला, बन्सी? राहू द्या इथंच."

"मी नाय देणार," बन्सी म्हणाला.

"आप्पा, चहाचं बघ आता," तात्यासाहेब म्हणाले.

पण चहा करणार कोण? तात्यासाहेबांनी राहू द्या म्हटलं होतं, आप्पासाहेबांनी म्हटलं नव्हतं, आणि दोरी अजून बन्सीच्या हातात होती. द्वारकाबाई काही उठेनात. शेवटी आप्पासाहेबच स्वयंपाकघरात गेले. आतून भांडी पडण्याचा आवाज आला. झाकणं उघडल्याचा आला. मग बराच वेळ काही आलं नाही.

"साखर कुठंय?"

द्वारकाबाईंनी गुलकंदकडं पाहिलं. तो झोपला होता.

"डाव्या हाताला," त्या दाराकडं तोंड करून म्हणाल्या, "पिवळ्या डब्यात. आन्‌ लई टाकू नका, तुम्हाला चालत नाय."

"दिसंना."

"चष्मा घाला की मग."

तात्यासाहेब पुन्हा पंखा बघू लागले. ह्या वेळी ते हसत होते की काय, ते मला नीट दिसलं नाही.

चहा काळा आणि गोड झाला. सगळ्यांनी प्यायला. चाचांनी विचारलं की कोपऱ्यातला फोम कुणाच्या मापानं भरायचा, आणि आप्पासाहेब म्हणाले, "भाभी से पूछो." सीताफळं उतरवून टेम्पो निघून गेला. बन्सीनं दोरी सोबत नेली. चाचाही उरलेल्या कोपऱ्याला कापड चढवायला उद्या येतो म्हणून नमाजाला गेले.

द्वारकाबाई मात्र तशाच बसलेल्या.

"गेले ते. आता ऊठ की," आप्पासाहेब म्हणाले.

"पायाला मुंग्या आल्यात. आन्‌ ह्याची झोप व्हायचीय अजून," त्या म्हणाल्या. "तुम्ही बसायचं तर त्या बाजूला बसा."